बेअरिंग ठोकून बसवू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरत आला की गाड्यांच्या पुढच्या चाकांतून घोंऽऽ असा आवाज यायला लागतो. चार महिने खड्ड्यांत आपटलेली आणि साचलेल्या पाण्यातून गेलेली बेअरिंगं दसरा-दिवाळीच्या सुमाराला बोलू लागतात. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ती घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलणारे आता पुष्कळ झाले आहेत. त्यात गैर काही नाही. खोलण्या-जोडण्याचं काम हौशी माणसाला नक्की जमतं. पण त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंत नवं बेअरिंग घणाने ठोकून बसवताना दाखवतात. तसं बसवलेलं बेअरिंग काही शे किलोमीटरांत पुन्हा ओरडतं आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो. हे पत्र त्या घणासाठी आहे.

आधी आवाज बेअरिंगचाच आहे का ते बघावं, कारण झिजून खवले पडलेला टायरही हुबेहूब तसाच घोंगावतो. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो. गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिनाचा वेग उतरला, तरी तो तसाच राहतो. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात स्टिअरिंग हलकेच उजवीकडे वळवलं की गाडीचा भार डाव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, डावीकडे वळवताना वाढला तर उजव्यावर. एवढ्यावर विसंबू मात्र नये. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून पाहावेत. आवाज मागे गेला तर तो टायरचा होता, नि खर्च वाचला.

पक्की परीक्षा चाक उचलून होते. एका हाताने शॉकअपची स्प्रिंग धरावी आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवावं. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग गप्प असते. गेलेलं असेल तर बोटांना वाळूवर काहीतरी घासल्यासारखी खरखर लागते. कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी ती बोटांना कळते. मग चाक वर-खाली धरून हलवावं, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग; तसाच राहिला तर खालचा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोळीचा सांधा) किंवा वरचं काहीतरी. तीन आणि नऊच्या जागी हलत असेल तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा, तपासावा. ही ब्रेकची युक्ती न केल्यामुळे चांगली बेअरिंगं निघतात आणि ढिला बॉल जॉइंट गाडीतच राहतो. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं.

आता आपल्या गाडीत कोणत्या जातीचं बेअरिंग आहे हे पाहायला हवं, कारण सगळं काम त्यावर ठरतं. ढोबळ मानाने तीन जाती. काही गाड्यांत हब (ज्यावर चाक आवळतात तो फिरणारा भाग) आणि बेअरिंग मिळून एकच तयार नग येतो आणि तो नकलला (शॉकअप आणि स्टिअरिंगला जोडलेल्या, हब धरून ठेवणाऱ्या जाड तुकड्याला) मागून तीन किंवा चार बोल्टनी आवळलेला असतो. हा नग घरी बदलावा, खुशाल. जुना काढायचा, बसायची जागा तारेच्या ब्रशने साफ करायची, नवा लावायचा. अडचण येते ती गंजाची, आणि तिला उपाय आदल्या रात्री मारून ठेवलेलं गंज सोडवणारं तेल.

दुसरी जात जुन्या जीप-धाटणीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची. त्यांच्या पुढच्या हबमध्ये आत एक आणि बाहेर एक अशी दोन टेपर, म्हणजे निमुळती, रोलर बेअरिंगं असतात. इथे प्रेस (दाबून बसवायचं यंत्र) लागत नाही, हात लागतो. कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलरांसकट आतली कडी) नेहमी जोडीनेच बदलावेत. जुन्या कपात नवा कोन घातला तर झिजलेली वाट नव्या रोलरलाही तसंच झिजवते. जुना कप हबमधल्या खाचेतून पितळी ड्रिफ्टने, म्हणजे ठोकायच्या दांड्याने, समोरासमोर आळीपाळीने ठोकून निघतो. ग्रीस भरताना तळहातावर गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहावी. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीसचे शेवयांसारखे दोरे बाहेर आले, की ते आतपर्यंत पोचलं. वरून नुसतं लेपून उपयोग नाही. नट आवळताना हब फिरवत राहावं, घट्ट झाल्यावर नट पाव-अर्धा फेरा मागे घ्यावा, मग नुसत्या बोटांनी टेकेल इतका आणावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. या बेअरिंगला केसाएवढा प्ले हवा. पाना मारून गच्च केलं तर ते तापून निळं पडतं.

तिसरी जात, आणि आपल्याकडच्या पुष्कळ हॅचबॅक व सेडानमध्ये हीच, म्हणजे नकलच्या भोकात दाबून बसवलेलं, दोन्ही बाजूंनी सील असलेलं दुहेरी बॉल बेअरिंग. बाहेरून त्याला सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) राखण असते, आतून हब दाबून बसवलेला असतो आणि हबमधून ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून येऊन चाक फिरवणारा दांडा, गेलेला. सगळा गोंधळ होतो तो याच्यापाशी.

सुरुवात ड्राइव्ह शाफ्टच्या नटापासून, आणि तीसुद्धा चाक जमिनीवर असताना. या नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून अडकवलेली असते. ती आधी बारीक छन्नीने सरळ करावी, नाहीतर नटाबरोबर शाफ्टचे आटेही जातात. लहान गाड्यांत सॉकेट बहुधा 30 किंवा 32 मिलिमीटरचा लागतो. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, आणि मग लांब पाइप लावून नट नुसता सैल करावा. पुरता काढू नये. नट सैल केलेली गाडी ढकलायची नाही, वीतभरसुद्धा नाही, कारण बेअरिंगच्या आतल्या दोन कड्यांना एकत्र धरून ठेवणारा तो नटच असतो.

जॅकने उचलल्यावर गाडी चासीच्या मजबूत जागी स्टँडवर बसवावी. विटांवर नाही, आणि नुसत्या जॅकवर तर नाहीच. वीट भाराखाली चेचून फुटते आणि फुटण्याआधी काही सांगत नाही. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवावं. स्टँड घसरलाच तर माणसाऐवजी चाक दबेल.

ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन बोल्टांवर असतो. तो काढून तारेने स्प्रिंगला टांगावा, होजवर लोंबकळत सोडू नये. डिस्क हबला गंजाने चिकटली असेल तर बऱ्याच डिस्कना त्यासाठीच आट्यांची दोन भोकं दिलेली असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप सुटते, हातोड्याची गरज पडत नाही. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर निघत नसेल तर उचकटू नये. तो प्लास्टिकचा आहे, नकलच्या भोकात मोडून राहतो. त्यापेक्षा वायरचं कनेक्शन वरून सोडवावं आणि सेन्सर नकलसोबतच जाऊ द्यावा, प्रेसवाल्याला तेवढा दाखवून. टाय रॉडची स्प्लिट पिन काढून एंड पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने, सोडवावा. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढावा. शॉकअपला नकल जोडणारे दोन बोल्ट काढण्याआधी बोल्टाच्या डोक्याभोवती आणि ब्रॅकेटवर खडूने किंवा रंगाने खूण करून ठेवावी, कारण त्या भोकांत थोडी मोकळीक असते आणि चाकाचा कलही तिथेच बदलतो.

ड्राइव्ह शाफ्ट हबमधून काढताना नट शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका परत चढवावा आणि मऊ धातूच्या हातोडीने त्यावर मारावं. आटे वाचतात. शाफ्ट बाहेर ओढायचा नाही, आत ढकलायचा. ओढला तर गिअरबॉक्सकडचा सांधा आतल्या आत निखळतो किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल गळायला लागतं, आणि सकाळी सुरू केलेलं काम परवापर्यंत चालतं. सुटलेला शाफ्ट तारेने आडवा बांधून ठेवावा.

इथपर्यंत जमलेल्या माणसाने आता नकल पिशवीत घालून लेथवाल्याकडे न्यावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्यात भोसरीला, नाशकात सातपूरला अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो. घराजवळ तशी सोय नसेल तर जाड आट्याचा रॉड आणि वेगवेगळ्या मापाच्या वाट्या असलेला बेअरिंग किटही चालतो. आट्यांना ग्रीस लावून सावकाश आवळावं लागतं, आणि गंजलेलं बेअरिंग कधी कधी तेवढ्याने हलत नाही. प्रेस असो की किट, काय कुठे दाबायचं हे मालकाला माहीत असलं पाहिजे, कारण घाईतला कारागीरही चुकतो.

हब दाबून काढला की बेअरिंगची आतली अर्धी कडी बहुधा हबवरच अडकून येते. ती काढायला पुलर नसेल तर ग्राइंडरने कडीला तिरकी खाच पाडावी, जवळजवळ आरपार, पण हबला स्पर्श होऊ न देता. मग खाचेत छन्नी धरून एक मारलं की कडी तडकते. डोळ्यांवर चष्मा हवाच. कडीचं पोलाद आणि हातोड्याचं तोंड, दोन्ही टणक असतात, आणि टणकावर टणक आपटलं की उडणारी कपची डोळ्याच्याच दिशेने येते. सर्क्लिप निघाल्यावर बाहेरची कडी दाबून काढावी आणि रिकामं भोक नीट पाहावं. आतून चकचकीत, गोल घासल्याच्या रेषा दिसल्या तर बेअरिंग भोकात फिरत होतं. अशी नकल बाद. त्यात नवं बेअरिंग चिकटवणारं द्रव टाकून बसवून देणारे आहेत. देऊ द्यावेत, पण आपल्या गाडीत नको.

आता मुख्य मुद्दा. बेअरिंगमध्ये बाहेरची कडी, आतली कडी आणि मध्ये गोळ्या. भोकात बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर यायला हवा. त्यात हब बसवताना खालून आधार फक्त आतल्या कडीला हवा. याची उलटापालट झाली तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि प्रत्येक गोळी आपल्या वाटेत बारीकसा खळगा पाडते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात सगळ्या गोळ्या त्या खळग्यांत उतरतात आणि चढतात. नव्या बेअरिंगचा आवाज येतो तो हा. घणाचा प्रत्येक घाव हेच करतो, शिवाय कडी तिरपी घुसवून भोकही ओरबाडतो. लाकूड मध्ये धरून मारलं, हलकं मारलं, याने फारसा फरक पडत नाही.

मापाची वाटी नसेल तर जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी वापरावी. ग्राइंडरने तिला एक आरपार चीर पाडली की ती भोकात अडकत नाही, आणि मापाला याहून नेमकं दुसरं काही मिळत नाही. प्रेसवाल्याकडे जाताना ती फेकून न देता सोबत न्यावी.

बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवण्याची एक युक्ती सांगितली जाते. गणित करून पाहावं. साधारण 75 मिलिमीटर व्यासाचं पोलाद 27 अंशांवरून उणे 18 पर्यंत थंड झालं की सुमारे 0.04 मिलिमीटरने आकसतं. बेअरिंगच्या घट्टपणाच्या मानाने हे नगण्य नाही, पण त्याने बेअरिंग हाताने आत सरकत नाही; प्रेस लागतोच. थंड बेअरिंगवर हवेतलं बाष्प दव होऊन बसतं, म्हणून ठेवायचंच झालं तर बंद पिशवीत ठेवावं आणि काढल्याबरोबर बसवावं. गॅसच्या ज्योतीने नकल लाल करणं मात्र शुद्ध वेडेपणा.

एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि तिच्याकडे पाहून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. ही बाजू गाडीच्या आत, सेन्सरकडे यायला हवी. दोन्ही गाल जवळजवळ सारखे दिसतात. चुंबकीय गाल बहुधा काळा किंवा तपकिरी, सपाट असतो आणि त्याला बारीक टाचणी हलकेच चिकटते. बेअरिंग उलटं बसलं तर मीटरवर एबीएसचा दिवा लागतो, आणि परत काढताना ते खराब होणारच, म्हणजे दुसरं नवं. ते स्पीकरजवळ किंवा चुंबक असलेल्या ट्रेमध्येही ठेवू नये. सील उघडून ग्रीस घालायचा मोह टाळावा. कारखान्यात मोजून भरलेलं ग्रीस त्याला आयुष्यभर पुरतं.

सर्क्लिप खाचेत बसल्याचा टक असा आवाज यायला हवा. तरी स्क्रूड्रायव्हरने चाचपून ती चहूबाजूंनी खोल गेल्याची खात्री करावी. जोडणी उलट्या क्रमाने. शॉकअपचे बोल्ट खुणेवर आणावेत, तरी व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच.

शेवटचा नट नवाच घ्यावा. किंमत किरकोळ असते, आणि जुन्या नटाची ठोकलेली कड दुसऱ्यांदा नीट धरत नाही. हा नट आतल्या दोन कड्या एकमेकींवर दाबतो आणि बेअरिंगमधला ताण त्यानेच ठरतो, म्हणून तो इम्पॅक्ट गनने अंदाजे मारायचा नट नव्हे. चाक हवेत असताना दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून टॉर्क रेंचने आवळावा. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा 150 ते 250 न्यूटन-मीटरमध्ये असतो, पण आपल्या मॉडेलचा नेमका आकडाच घ्यायचा. 200 न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकाला साधारण वीस किलो टांगल्याइतका जोर. टॉर्क रेंच विकत घेताना तो कुठपर्यंत मोजतो ते पाहावं. कित्येक स्वस्त रेंच त्याच्या आधीच संपतात. नट सैल राहिला तर कड्या वेगळ्या होतात, फार आवळला तर बेअरिंग तापतं. दोन्ही प्रकारांत आवाज परत येतो. आवळून झाल्यावर कड खाचेत ठोकावी, आणि मगच गाडी चाकांवर उतरवावी.

इथे एक तक्रार. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत चाकाच्या नटांचा आकडा सापडतो, ड्राइव्ह शाफ्टच्या नटाचा बहुधा नाही. तो वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो आणि ते मॅन्युअल सामान्य ग्राहकाच्या सहज हाती लागत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. वाहन कंपन्यांनी तिथे मॉडेलनिहाय तीन गोष्टी मराठीसह भारतीय भाषांत द्याव्यात: बेअरिंगचा नंबर, नटाचा टॉर्क आणि चुंबकीय गालाची बाजू दाखवणारी आकृती. मॉडेलमागे एक पान पुरेल. आज हा आकडा कुणाच्या तरी व्हिडिओखालच्या गप्पांतून उचलला जातो आणि भलत्याच मॉडेलचा निघतो.

दुसरी तक्रार बाजाराची. नामांकित बेअरिंगची नक्कल सर्रास विकली जाते आणि खोकं हुबेहूब असतं. बिल नंबरासकट मागावं. बिल द्यायला का-कू करणाऱ्या दुकानातून माल घेऊ नये. काही कंपन्यांनी खरा-खोटा माल तपासण्यासाठी मोबाइल अॅप काढलं आहे, ते दुकानातच वापरावं. घरी आल्यावर तपासून काय उपयोग? दुकानदार दोन्ही बाजूंची बेअरिंगं घ्यायला सांगेल. ब्रेक पॅड जोडीने बदलतात, तशी ती बदलायची गरज नसते. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग हाताला गप्प लागत असेल तर पैसे राखून ठेवावेत.

नवं बेअरिंग टिकवणंही थोडंफार आपल्या हातात आहे. लांबून पळवून आणलेली गाडी तशीच गुडघाभर पाण्यात घातली की तापलेलं बेअरिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी ओढलं जातं. गाडी धुणारी पोरं प्रेशरचा पाइप थेट हबवर धरतात, त्यांना तिथून हटवावं. चाक बाहेर काढून दाखवणाऱ्या रुंद रिम आणि स्पेसर भाराची रेषा बेअरिंगच्या बाहेर नेतात. त्या दिसायला झोकदार असतात, हे मान्य.

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल चार-पाच वेळा दाबून कडक करून घ्यावं. कॅलिपर काढताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिलं पॅडल तळाला जातं, बहुधा नेमकं सोसायटीच्या गेटपाशी. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्याजवळ हाताची पाठ न्यावी, टेकवू नये. थोडी ऊब दोन्हीकडे सारखीच लागेल. एकच बाजू धग मारत असेल तर ब्रेक अडकला आहे की नट जास्त आवळला गेला, हे त्याच संध्याकाळी पाहावं. चाकाचे नटही तेव्हाच पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर